निरोगी गटाबाहेर

"मॅडम, तुम्हाला निरोगी गटात नाही घेता येणार," त्या कोवळ्या नर्सनं फॉर्मवरची नजर न उचलता, अगदी हळू आवाजात सांगितलं. वैजयंती हसली. तिला वाटलं, वयाच्या रकान्यात आपल्याकडून छत्तीसऐवजी त्रेसष्ट पडलं असेल. सोलापुरातल्या मुलींच्या शाळेत ती चौदा वर्षं खेळ शिकवत होती. एवढ्या वर्षांत तिनं तब्येतीच्या नावाखाली काढलेल्या रजा एका हाताच्या बोटांवर मावल्या असत्या, आणि त्यातल्याही दोन तिच्या पोराच्या, अजिंक्यच्या कांजिण्यांच्या होत्या. बायकांच्या पोटातल्या एका आजाराचा रक्तावरून पत्ता लागतो का, याचा या दवाखान्यात अभ्यास चालला होता. त्यासाठी आजारी बायकांचं रक्त हवं होतं, आणि ताडून बघायला धडधाकट बायकांचंही. शाळेत तशी चिठ्ठी आली तेव्हा स्टाफरूममध्ये पहिला हात वैजयंतीचा वर गेला. "चला गं, दोन चमचे रक्त द्यायचंय, जीव नाही," असं म्हणत तिनंच चार बायकांना गोळा करून आणलं होतं. आता त्या चौघी समोरच्या बाकावर दंडाला कापूस लावून, दवाखान्यानं दिलेली केळी सोलत बसल्या होत्या. त्यातल्या गणिताच्या बाईंचे गुडघे कुरकुरायचे. संस्कृतच्या बाई शाळेचा जिना दोनदा थांबून चढायच्या. त्या सगळ्या निरोगी होत्या, आणि नाही ती एकटी वैजयंती.

"पण का?" तिनं विचारलं. नर्सनं फॉर्म तिच्याकडे वळवला. पाळीच्या वेळी दुखतं का, हो. शून्य ते दहात किती, तर आठ. दहा म्हणजे माणूस मेलेलं असणार असा हिशोब करून तिनं आठ लिहिलं होतं. गोळ्या घ्याव्या लागतात का, हो, दिवसाला तीन, चार दिवस. चौदावा प्रश्न, त्या दिवसांत शौचाला बसताना कळ येते का, हो. सोळावा, पाळीच्या आधीच कंबर भरून येते का, हो. या प्रश्नांत अडण्यासारखं काय आहे ते तिला कळेना. 'पाणी पिता का?' असं कुणी विचारावं आणि आपण हो लिहावं, इतक्या सहजपणे तिनं ते सगळं लिहिलं होतं. "अहो," तिनं बाकाकडे वळून गणिताच्या बाईंना विचारलं, "चौदाव्या प्रश्नाला तुम्ही काय लिहिलंत?" केळं तोंडात तसंच ठेवून बाई म्हणाल्या, "नाही असं." "आणि सोळाव्याला?" "नाही." "संस्कृतच्या बाई, तुम्ही?" त्यांनीही मान हलवली. चौघींनी. वैजयंती त्या फॉर्मकडे बघत राहिली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिच्या मनात आलं, की या बायकांना दुखतच नाही. त्या सोसत नव्हत्या, लपवत नव्हत्या. महिन्यातले ते चार दिवसही त्या सरळ, इतर दिवसांसारख्या जगत होत्या. तिला एकदम त्यांचा रागच आला. नर्सनं तिच्या हातात दोन कागद ठेवले. एकावर रक्ताची तपासणी होती आणि दुसऱ्यावर गुरुवारी अकरा वाजता डॉक्टर गड्डमना भेटायची वेळ. केळं तिला मिळालंच नाही.

स्कूटरवरून घरी येताना सात रस्त्याच्या सिग्नलला ती थांबली. मार्चचं ऊन हेल्मेटवरून मानेत उतरत होतं, आणि तिला माहेरचं, वेळापूरचं, ते मैदान आठवत होतं जिथं ती खो-खो शिकली. आठवत होती ती करमाळ्याची मॅच. तेव्हा ती दहावीत होती, आणि सकाळपासून पोटात कुणी ओला कपडा पिळत असल्यासारखं होत होतं. ती अडीच मिनिटं पळाली. खांबाला वळसा घालताना कळ उठायची, त्यासरशी ती आणखी जोरात सुटायची, कारण पळताना निदान पोट कुठलं आणि पाय कुठले याचा गोंधळ व्हायचा. बाद झाल्यावर ती मंडपामागं जाऊन ओकली. सरांनी पाठीवर थाप मारली. "ही खरी खेळाडू. पोट दुखतं म्हणून बसणारी नव्हं." ती शाबासकी तिच्या अंगात इतकी खोल मुरली, की पुढं दुखणं आलं की तिला वेदनेआधी अभिमानच वाटायचा. आई, गोजरबाई, वीट तापवून फडक्यात गुंडाळून द्यायची आणि म्हणायची, "बाईच्या जातीला येवढं चालायचंच." लग्न झालं की थांबेल, असं मावशी म्हणाली होती. मूल झालं की थांबेल, असं सासू म्हणाली. अजिंक्य पोटात असताना आणि अंगावर पीत असताना खरंच थांबलं होतं. पुन्हा सुरू झालं तेव्हा तिला कुठंतरी बरंच वाटलं होतं, जुनी ओळखीची बाई परगावाहून परत आल्यासारखं. मागून रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला. सिग्नल कधीच हिरवा झाला होता.

इंद्रजीत, तिचा नवरा, विजेच्या ऑफिसातून आला तेव्हा तिनं ही गोष्ट त्याला विनोद म्हणून सांगितली. "मला काढून टाकलं. निरोगी गटातून. मला!" तोही पोट धरून हसला. मग हसू ओसरल्यावर त्यानं ताटातली शेंगाचटणी बोटानं गोळा करत विचारलं, "पण मग दर महिन्याला दोन दिवस तू ओट्याला कपाळ टेकून उभी राहतेस, ते काय असतं?" कुकरची शिट्टी होईपर्यंत ओट्याच्या गार दगडावर कपाळ टेकायचं, ही तिची एकटीची खासगी गोष्ट होती. "तू बघतोस?" "अकरा वर्षं बघतोय की." "मग विचारलं का नाहीस कधी?" "विचारलं तर चिडशील असं वाटलं." "चिडलेच असते," ती म्हणाली, आणि त्याच्या ताटात भाकरी जरा जोरातच टाकली. त्याला ते दिसत होतं हे कळल्यावर तिला उघडं पडल्यासारखं झालं, आणि त्याच्याच खालून एक बारीक गोड ऊबही वर आली. दोन्हींतलं खरं कोणतं हे तिला ठरवता येईना.

रक्त तिनं दुसऱ्याच दिवशी दिलं. संध्याकाळी मोबाइलवर आकडा आला. त्या तपासणीचं नाव सीए-एकशे पंचवीस असं होतं. पस्तीसपर्यंत ठीक, असं शेजारी छापलं होतं, आणि तिचा आकडा होता एकोणीस. वैजयंती स्वयंपाकघरातून ओरडली, "एकोणीस!" अजिंक्यला वाटलं कुणाची विकेट पडली. त्या संध्याकाळी त्यांच्या घरी जिलबी आली. आपल्याला इतका आनंद का व्हावा, हे मात्र ती रात्री दात घासताना शोधत होती. आजार नाही याचा आनंद होता, तो होताच. पण त्याहून मोठा आनंद होता आपली वीस वर्षं शाबूत राहिल्याचा. आजार असता तर करमाळ्याची ती अडीच मिनिटं शौर्याची उरली नसती, नुसती मूर्खपणाची ठरली असती. दात घासून झाले तरी ती आरशासमोर उभी होती, आणि आरशातली बाई काही तितकीशी खूश दिसत नव्हती.

गुरुवारी ती डॉक्टर गड्डमसमोर जिंकलेल्या संघाच्या कप्तानासारखी बसली. डॉक्टर पन्नाशीच्या, ठेंगण्या. फोनवर कुणाशी तरी तेलुगूत भांडण संपवून त्यांनी मराठीत गोड हसून कागद घेतला, वाचला आणि टेबलावर पालथा ठेवला. "छान. आत या, तपासते." तपासताना त्या जागोजाग दाबून बघत होत्या. मग आत एका जागी त्यांचं बोट टेकलं आणि वैजयंतीच्या हातानं पलंगाची दांडी गच्च धरली. तोंडातून आवाज निघाला नाही, तो तिच्या सवयीचाच नव्हता. पण डोळ्यांतून पाणी कानात उतरलं. डॉक्टरांनी बोट काढलं आणि विचारलं, "हेच ना?" बस, तेवढंच. हेच ना. सोळाव्या वर्षापासून ज्याला ती पोट म्हणत होती, कंबर म्हणत होती, नशीब म्हणत होती, त्याला एक जागा होती, आणि ती जागा दुसऱ्या माणसाच्या बोटाला सापडली होती. "हेच," ती म्हणाली, आणि मग तिला हसू फुटलं, रडता रडताच. डॉक्टरांनी रुमाल दिला. मग सोनोग्राफीच्या पडद्यावर त्यांनी दाखवलं. गर्भाशयाच्या आत असतं तसलंच अस्तर बाहेर भलतीकडे रुजलं होतं. मागच्या बाजूला बोराएवढी गाठ होती, आणि डावा बीजकोश जागचा हलत नव्हता, चिकटून बसला होता. याला एन्डोमेट्रिओसिस म्हणतात. कॅन्सर नव्हे. आधी गोळ्या घेऊन बघायचं, त्यानं भागलं तर ठीक, नाही तर दुर्बिणीनं शस्त्रक्रिया करायची.

"मग तो आकडा खोटा?" वैजयंतीनं विचारलं. "खोटा नाही हो. त्याला जेवढं दिसतं तेवढंच तो सांगतो. दुसऱ्या दहा कारणांनीही तो वाढतो, आणि कधी आजार असून जागचा हलत नाही. तुमचा पन्नास आला असता तरी नुसत्या त्यावरून मी हो म्हणाले नसते. एकोणीस आला म्हणून नाहीही म्हणत नाही." "मग काढता कशाला?" "पुढं गोळ्या चालू असताना बाकी गोष्टींबरोबर ताडून बघायला कधीकधी कामाला येतो. पण खरं सांगू? रक्त अजून आम्हाला नीट वाचता येत नाही. बायका वर्षानुवर्षं हिंडतात. कुणी अपेंडिक्स म्हणतं, कुणी म्हणतं मनाचे खेळ. दोन चमचे रक्तात हे लवकर कळलं तर? एका आकड्यावर नाही, चार-पाच मिळून. म्हणून हा सगळा खटाटोप." "कळतं?" "अजून नाही. तुमच्यासारख्या मिळाल्या तर कळेल." "माझ्यासारख्या म्हणजे?" "ज्यांचा आकडा चांगला आणि पोट वाईट," डॉक्टर म्हणाल्या. "निरोगी बायका मला पाहिजे तेवढ्या मिळतात. तुम्ही दुसऱ्या गटात या." आणि वैजयंतीला, आजारी ठरलेल्या त्या बाईला, कधीकाळी जिल्ह्याच्या संघात नाव आल्यावर वाटलं होतं तसं वाटलं.

अभ्यासासाठी रक्त काढायला प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ आला. सावळा, चष्म्याचा, चाळिशी ओलांडलेला माणूस. सुई शिरेत गेली, नळीत रक्त चढू लागलं, तेव्हा त्यानं फॉर्मवरचं शाळेचं नाव वाचलं. "तुमी खो-खोच्या वैजयंती मॅडम का?" "हो." "मी धर्मपाल. बुद्धप्रियाचा बाप. तुमच्याकडं होती की, नववीला." सुई दंडात टोचलेली असल्यामुळं वैजयंतीला हलता आलं नाही. त्यानं दुसरी नळी भरली. मग सुई काढून कापूस दाबत म्हणाला, "पाच मिनिटं दाबून धरा." ती पाच मिनिटं तिला फार लांब गेली. बुद्धप्रिया. तिच्यासारखी पळणारी मुलगी वैजयंतीनं चौदा वर्षांत दुसरी पाहिली नव्हती. खांबापाशी अशी वळायची की पाठलाग करणारीचा हात हवेतच राहायचा. पण महिन्याला दोन दिवस गायब. पोट दुखतं म्हणे. जिल्हा स्पर्धेच्या आधी पुन्हा तेच, तेव्हा वैजयंतीनं तिला सगळ्यांसमोर 'नाटकी' म्हटलं, आणि त्यानंतर ती मुलगी मैदानावर आलीच नाही. तेव्हा वैजयंती इंद्रजीतला म्हणाली होती, "अंगात गुण आहे पण सोसायची ताकद नाही." तिनं कापूस इतका दाबला की बोट पांढरं पडलं. "अजून दुखतं तिचं?" तिनं विचारलं. धर्मपाल नळ्यांवर नावं चिकटवत होता. "व्हय की. दर महिन्याला. या अभ्यासाच्या नळ्या रोज माझ्याच हातनं जातात बघा, अन् घरात पोरगी उशी चावत पडलेली. आमी म्हणायचो, अशक्तपणा हाय, बीट खा. दोन वर्षं बीट खातीय बिचारी." तो स्वतःवरच हसला, पण हसताना त्यानं चष्मा पुसला. "डॉक्टरांना परवाच सांगितलं. पोरगी यायला तयार न्हाय. म्हणते, नाटक वाटंल त्यांना."

संध्याकाळी तिनं वेळापूरला फोन लावला. आईला आजाराचं नाव काही बोलता येईना, शेवटी तिनं तो नाद सोडला. मग वैजयंतीनं नुसतं काय काय दुखतं ते सांगितलं. "वैजू," गोजरबाई म्हणाली, "मला बी तसंच हुतं गं. खुरपताना डोळ्याम्होरं अंधारी यायची. तुझ्या आज्जीला सांगितलं तर ती म्हनली, तुझंच काय लई येगळं हाय? मग म्या बी तुला त्येच सांगितलं." "आता गोळ्या मिळतात आई," वैजयंती म्हणाली. "मग घे की," आई एकदम खेकसली, "वाट कुनाची बघतीस?" आणि दोघी हसायला लागल्या, उगीचच, बराच वेळ.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती पत्ता विचारत बुधवार पेठेत धर्मपालच्या घरी गेली. दार येसूबाईनं, बुद्धप्रियाच्या आईनं उघडलं. पोस्टातल्या नोकरीवरून नुकतीच आली होती, खांद्याला पर्स तशीच होती. आत बुद्धप्रिया पुस्तक घेऊन बसली होती. आता अकरावीत, केस कापलेले, उंच झालेली. तिनं उभं राहून नमस्कार केला, पण हसली नाही. वैजयंती येताना स्कूटरवर वाक्यं जुळवत आली होती. ती म्हणाली, "बुद्धप्रिया, मी तुला नाटकी म्हणाले होते. माझं चुकलं. मलाही तोच त्रास आहे, आणि मला तो कालच कळला." मुलगी तिच्याकडे बघत होती. "तेवढंच नाही म्हणालात, मॅडम." "म्हणजे?" "तुम्ही म्हणालात, हिला अभिनयाचं बक्षीस द्या. आणि सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्यात." वैजयंतीनं आठवून बघितलं. तिथं काही नव्हतं. आणि मग हळूहळू तिथं टाळ्या होत्या, उन्हातल्या, वीस-बावीस मुलींच्या, आणि आपण स्वतः त्यात हसत होतो. एवढी मोठी गोष्ट आपण पुसून कशी टाकली? स्वतःचं दुखणं पुसता पुसता हाताला सवय लागली असणार, त्याच फडक्यानं हेही पुसलं गेलं. "हो," ती म्हणाली. "लावल्या होत्या." येसूबाई चहा घेऊन दारातच थांबली होती. पण बुद्धप्रिया थांबली नाही. "तेव्हा सगळ्यांसमोर होतं मॅडम. आणि सॉरी घरात येऊन?" "पिऊ, आगं मॅडम हायत त्या," येसूबाई म्हणाली. "तिचं बरोबर आहे," वैजयंती म्हणाली. "उद्या शनिवारी सकाळी सरावाला मैदानावर येशील? सगळ्यांसमोर म्हणेन. आणि सोमवारी डॉक्टरांकडे मी बरोबर येते. मला सगळे प्रश्न पाठ आहेत. चौदावा आणि सोळावा फार वाईट आहेत." मुलीच्या ओठांचा एक कोपरा किंचित हलला. "शौचाचा?" तिनं आईकडे चोरून बघत विचारलं. "पप्पांनी फॉर्म दाखवला होता." "तोच. तू काय लिहिशील?" "हो," बुद्धप्रिया म्हणाली. आणि येसूबाई दचकली, तिच्या हातातल्या ट्रेमधले कप खणखणले, कारण त्या दोघी, काही कारण नसताना, फुटल्यासारख्या हसत होत्या.

शनिवारी वैजयंतीची पाळी चालू होती. गोळ्यांचा उपचार अजून सुरू व्हायचा होता. एरवी असल्या दिवशी ती मुद्दाम जास्त धावायची. आज ती मैदानाच्या कडेच्या पायरीवर पोटाशी गरम पाण्याची पिशवी धरून बसली, आणि ज्या मुलींनी तिला कधी बसलेलं पाहिलं नव्हतं त्या तिच्याभोवती गोळा झाल्या. बुद्धप्रिया फाटकाशी उभी होती. आली होती. वैजयंतीनं सगळं सांगितलं. टाळ्यांचं सांगितलं. तेव्हा आपलंच चुकलं होतं असं सांगितलं, आणि आज आपलं पोट दुखतंय म्हणून आपण बसून शिकवणार आहोत हेही. बोलताना तिला वाटत होतं आता जमीन दुभंगेल, पण फक्त शेजारच्या गल्लीतून इडलीवाल्याची घंटी ऐकू आली. मुली एकदा तिच्याकडे, एकदा फाटकाकडे बघत होत्या. मग आठवीतल्या एका किडकिडीत मुलीनं हात वर केला. "मॅडम, मग मी बसू?" "दुखतंय?" "कालपासून." मग काल का बोलली नाहीस, असं वैजयंतीच्या जिभेवर आलं, ते तिनं गिळलं. "बस. इकडं ये, ऊन लागतंय तिथं." तिच्यामागून आणखी दोघी आल्या. त्यातली एक नक्कीच कंटाळा करत होती, ते वैजयंतीला चेहऱ्यावरून कळलं. दहातली एखादी खोटी बसेल, बसू दे, असं मनाशी म्हणून तिनं पिशवी त्या किडकिडीत मुलीच्या मांडीवर ठेवली.

"मॅडम, आता एक कमी पडतीय," मैदानातून कप्तान ओरडली. वैजयंती काही बोलायच्या आत फाटकाशी चपला काढल्याचा आवाज झाला. बुद्धप्रियानं जीन्स घोट्यापर्यंत दुमडली, केस कानामागं सारले आणि चुन्याच्या रेषेपर्यंत आली. "एकच डाव हं," ती कुणाकडंही न बघता म्हणाली. "दोन वर्षं पळाले नाहीये." शिट्टी झाली. पहिल्या क्षणी ती अडखळली, सगळ्या मुलींनी श्वास रोखला, आणि पाठलाग करणारीचा हात तिच्या पाठीला लागणार एवढ्यात ती खांबापाशी वळली. हात हवेतच राहिला. "पळ गं!" पायरीवरून चार जणी एकदम ओरडल्या, आणि त्यात सगळ्यात मोठा आवाज वैजयंतीचा होता.